प्लसवाला ईमेल करूनही मेल इनबॉक्समध्येच पडायलेत? मग हे बघा

धंद्याचा एकच जीमेल. त्यातच ऑर्डरी, कुरिअरचे मेल, बँकेचं स्टेटमेंट, सीएचे मेल, पाउच छापणाऱ्याची डिझाईनं आणि वरून सेलच्या जाहिराती. मग कुणीतरी सांगतं की पत्त्यात प्लस टाका, लेबल (मेलवर चिकटवायची नावाची चिठ्ठी) करा, सगळं आपोआप वेगळं होतंय. माणूस करतो, थोडे दिवस बरं चालतंय आणि मग परत तेच, अर्धे मेल लेबलात, अर्धे बाहेर, काही तर कुठंच दिसेनात. वसमत, परभणी, नांदेडकडच्या ओळखीच्या दुकानदारांचे याच गोष्टीवरून सारखे फोन यायलेत, आणि आमच्या घरच्या हळद पॅकिंगचा इनबॉक्स मीच बघतो त्यामुळं तिथंही हेच सगळं निस्तरावं लागतंय, म्हणलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

ज्याला हा प्रकारच माहीत नाही त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. समजा पत्ता हळददुकान@जीमेल.कॉम असा आहे (टाईप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं, इथं वाचायला सोपं जावं म्हणून असं लिहितोय). तर हळददुकान+ऑर्डर@जीमेल.कॉम, हळददुकान+कुरिअर@जीमेल.कॉम असे लागतील तेवढे पत्ते तुम्ही आत्ताच्या आत्ता वापरू शकता, नोंदणी नाही, सेटिंग नाही, पैसे नाहीत. @ च्या आधी जिथं प्लस आला तिथून पुढचं जीमेल मेल पोचवताना बघतच नाही, मेल तुमच्याच खात्यात येतो, पण पाठवणाऱ्यानं पत्ता जसा लिहिला तसा तो मेलवर राहतो. मोंढ्यात पोत्यावर मार्का टाकतात बघा, माल उतरतो एकाच आडतीत पण मार्का बघून कळतं कोणाचा ते. पण नुसता मार्का टाकल्यानं पोतं उठून आपल्या थप्पीला जाऊन बसत नाही, हमाल लागतो, आणि इथं हमाल म्हणजे फिल्टर, अमुक पत्त्यावर मेल आला की त्याला तमुक लेबल लाव असा जीमेलला घालून दिलेला नियम. बऱ्याच जणांचं गाडं इथंच अडलेलं असतं, प्लस टाकलाय, लेबलही तयार केलंय, दोघांना जोडणारा फिल्टर केलेलाच नाही.

फिल्टर मोबाईलच्या जीमेल ॲपमधून होत नाही, शोधत बसू नका, कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. वर सर्चच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात रेघारेघांचं चिन्ह आहे ते दाबलं की फॉर्म उघडतो, त्यात 'टू'च्या रकान्यात पूर्ण प्लसवाला पत्ता टाकायचा, 'क्रिएट फिल्टर' दाबायचं, 'अप्लाय द लेबल' निवडायचं. लेबलाचं नाव मराठीत ठेवलं तरी चालतं, आमच्याकडं 'ऑर्डरी', 'कुरिअर', 'छपाई' अशीच आहेत. त्याच पानावर खाली 'जुळणाऱ्या जुन्या मेलवरही लावा' अशा अर्थाची एक टिक असते, ती नाही केली तर फिल्टर फक्त इथून पुढच्या मेलला लागतो आणि मग लोक म्हणतात लेबल रिकामंच दिसायलंय.

आणि हो, प्लसच. मायनस नाही, अंडरस्कोर नाही. हळददुकान-ऑर्डर असं लिहून कुणाला दिलं तर तो तुमचा पत्ताच नाही, तो मेल तुमच्याकडं येणारच नाही. आउटलुक.कॉमवर पण प्लस चालतो, मायक्रोसॉफ्टच्या कंपन्यांसाठीच्या ईमेलमध्ये आता तो आधीपासूनच चालू असतो. बाकी कुणाचं ईमेल असेल तर घेणाऱ्याचा सर्व्हर प्लसला मान देतो का नाही ते त्याच्यावर आहे. बघायला सोपं आहे, दुसऱ्या कुणाच्या खात्यावरून प्लसवाल्या पत्त्यावर एक मेल पाठवून बघा. स्वतःच्याच खात्यावरून स्वतःला पाठवून बघू नका, तो सेंटमध्येही दिसतो, इनबॉक्समध्येही दिसतो आणि उगी गोंधळ होतो.

आता खऱ्या तक्रारींकडं येऊ.

"पहिल्या मेलला लेबल लागतं, पुढच्याला लागत नाही"

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आणि सगळ्यात कमी लोकांना कळलेली. होतं असं की आपल्या साईटवर 'ईमेल करा' असं बटण आहे, त्याच्यामागं +ऑर्डर वाला पत्ता दिलाय, पुण्याच्या एखाद्या किराणा होलसेलवाल्यानं बटण दाबून मेल टाकला की पन्नास किलो हळद पावडरचा भाव कळवा. मेल +ऑर्डर वर आला, लेबल लागलं, झकास. तुम्ही रिप्लाय दाबून भाव कळवला. आता तुमचं उत्तर कुठल्या पत्त्यावरून गेलं? साध्या. प्लस नसलेल्या. तो होलसेलवाला पुढं जे काय लिहील, "ठीक आहे पाठवा", "जीएसटी नंबर हा घ्या", "माल कधी निघतोय", ते सगळं साध्या पत्त्यावर येणार आणि तुमचा फिल्टर तर प्लसची वाट बघत बसलेला. जोपर्यंत ते एकाच संभाषणात आहे तोपर्यंत जुन्या मेलच्या लेबलामुळं सगळी साखळीच लेबलात दिसते आणि आपल्याला वाटतं चालू आहे, पण त्या माणसानं विषय बदलून नवा मेल टाकला रे टाकला की तो बाहेर पडला. म्हणून तर ही गोष्ट कधी चालते कधी नाही असं वाटतं आणि माणूस येडा होतो.

यावर उपाय आहे. कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट' नावाचा टॅब आहे, त्यात 'सेंड मेल ॲज' मध्ये आपला प्लसवाला पत्ता जोडायचा, 'ट्रीट ॲज ॲन एलियस' ची टिक तशीच राहू द्यायची. पडताळणीचा मेल मागितलाच तर तो येणार आपल्याच इनबॉक्समध्ये, लिंक दाबली की झालं. मग तिथंच खाली 'ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून उत्तर द्या' असा पर्याय दिसायला लागतो, तो निवडायचा. एवढं केलं की +ऑर्डर ला आलेल्या मेलचं उत्तर +ऑर्डर वरूनच जातं, समोरच्याच्या कॉन्टॅक्टमध्येही तोच पत्ता बसतो, आणि नंतर त्यानं सहा महिन्यांनी नवा मेल टाकला तरी तो बरोबर थप्पीला लागतो. मोबाईलवरून उत्तर देत असाल तर मात्र पाठवायच्या आधी वर 'फ्रॉम' च्या ओळीवर एक नजर टाकायची सवय लावा, तिथं बाण दाबून पत्ता बदलता येतो. आमच्याकडं दाजी सगळी उत्तरं फोनवरूनच देतात, शेतातून, गाडीतून, लग्नाच्या मांडवातून, त्यांना एवढंच सांगून ठेवलंय की वरची ओळ बघा मग पाठवा.

"मेल आलाच नाही" — आला होता, कळलंच नाही

फिल्टर करताना 'स्किप द इनबॉक्स' अशी एक टिक असते. इनबॉक्स चकाचक दिसतो म्हणून लोक ती सगळीकडं ठोकून देतात. आता मोबाईलला घंटी वाजते ती इनबॉक्समध्ये आलेल्या मेलची. इनबॉक्सच टाळला म्हणल्यावर घंटी नाही, आकडा नाही, काहीच नाही, मेल लेबलात गुपचूप बसलेला. हळदीच्या सीझनला, शिजवून वाळवून पॉलिश होऊन माल मोंढ्यात यायला लागला की सकाळपासून माणूस बाहेरच असतो, कॉम्प्युटरसमोर बसतंय कोण? तिकडं ऑर्डर पडून आणि गिऱ्हाईक म्हणतंय तुम्ही उत्तरच देईनात.

माझं मत सांगतो, ऑर्डर, पेमेंट, गिऱ्हाइकाची तक्रार या तिन्हीला स्किप द इनबॉक्स कधीच लावू नका. लेबल लागू द्या, रंग द्या, स्टार लावा, पण राहू द्या इनबॉक्समध्येच. कुरिअरचे 'माल अमुक गावात पोचला' टाईपचे मेल, साईटवाल्यांचे रिपोर्ट, वर्तमानपत्रासारखे रोज येणारे जाहिरातीचे मेल, ह्यांना खुशाल टाळा. तरीही एखादं लेबल इनबॉक्सबाहेर ठेवायचंय पण घंटी पाहिजे असेल तर अँड्रॉईडच्या जीमेल ॲपमध्ये सेटिंग, मग आपलं खातं, मग 'मॅनेज लेबल्स', मग ते लेबल, त्यात आधी 'सिंक मेसेजेस' चालू करायचं आणि मगच 'लेबल नोटिफिकेशन्स'ची टिक करता येते. सिंक चालू केल्याशिवाय घंटीचा पर्याय दबतच नाही, तिथं लोक अडकतात आणि म्हणतात ॲप खराब आहे. आणि हे त्या-त्या फोनवरचं सेटिंग आहे, नवा फोन घेतला किंवा दुकानातल्या पोराच्या फोनवर खातं टाकलं की परत करावं लागतं.

याच्याच जोडीला दोन बारीक गोष्टी. मेल 'प्रमोशन्स' टॅबमध्ये जाऊन बसत असेल तर फिल्टरमध्येच 'कॅटेगराईज ॲज' मध्ये प्रायमरी निवडता येतं, आणि स्पॅममध्ये जात असेल तर 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'. दुसरं म्हणजे एकाच मेलला दोन फिल्टर जुळले तर जीमेल दोन्ही लावतं, पहिला लागला म्हणून दुसरा थांबत नाही. म्हणजे एक फिल्टर म्हणतोय ऑर्डरचं लेबल लावा आणि दुसरा, कधीतरी वर्षापूर्वी केलेला, म्हणतोय 'ऑफर' हा शब्द आला की इनबॉक्स टाळा, तर गिऱ्हाइकानं "काही ऑफर आहे का" असं विचारलं की त्याची ऑर्डर गेली गायब. सेटिंगमध्ये फिल्टरची पूर्ण यादी दिसते, वर्षातून एखाद्या वेळी ती वाचून जुनं काढून टाकत जा.

आणि मेल खरोखरच कुठंच नसेल, ऑल मेल मध्ये नाही, स्पॅममध्ये नाही, पाठवणारा म्हणतोय परत आला, तर आधी जागा बघा. फुकटच्या खात्याला १५ जीबी मिळतात आणि त्यात ड्राईव्ह, फोटो आणि जीमेल तिघं वाटेकरी. घरच्या लग्नाचे व्हिडिओ फोटोत चढले की धंद्याचा मेल बंद पडतो, हे मी बघितलेलं आहे. लेबल लावल्यानं जागा मोकळी होत नाही, तो गैरसमज काढून टाका.

"टू मध्ये माझा पत्ताच नाही, मग फिल्टर कशावर लावू?"

भावाची यादी किंवा सीझनचं सर्क्युलर पाठवणारे व्यापारी सगळ्यांना बीसीसीत (ज्या रकान्यातले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत तो) टाकून पाठवतात. अशा मेलच्या टू मध्ये त्यांचाच पत्ता असतो किंवा काहीच नसतं, त्यामुळं टू वर लावलेला फिल्टर कोराच राहतो. दुसऱ्या खात्यातून ऑटो फॉरवर्ड होऊन आलेल्या मेलचंही तसंच, तिथं टू मध्ये जुन्या खात्याचा पत्ता असतो. कॉम्प्युटरवर मेल उघडून तीन टिंबांमध्ये 'शो ओरिजिनल' दाबा, वर जी भलीमोठी यादी येते तिला घाबरू नका, त्यात वरच्या ओळींत तुमचा प्लसवाला पत्ता दिसतो का एवढंच बघायचं. दिसला तर सर्चमध्ये 'डिलिव्हर्डटू' हा शब्द, लगेच कोलन, आणि न जागा सोडता पूर्ण पत्ता असं (इंग्रजीत) टाकून बघा. बरोबर मेल निघाले तर तेच शब्द फिल्टरच्या 'हॅज द वर्ड्स' मध्ये टाका, काम झालं. नाही निघाले तर नाद सोडा आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर, म्हणजे 'फ्रॉम' वर फिल्टर लावा. प्रत्येक मेलला प्लसनंच पकडलं पाहिजे असा काही नियम नाही.

"साईट प्लस घेतच नाही"

ईमेलच्या नियमाप्रमाणं प्लस हे एकदम वैध चिन्ह आहे, पण फॉर्म बनवणाऱ्यानं तपासणी आपल्या मनानं लिहिलेली असते, अक्षरं आकडे टिंब सोडून काही आलं की 'वैध ईमेल टाका' म्हणून लाल अक्षरात ओरडतो. तिथं भांडण्यात अर्थ नाही. साधा पत्ता द्या आणि त्या साईटच्या फ्रॉम पत्त्यावर फिल्टर करा, एवढं सरळ आहे.

खरा त्रास जी साईट अर्धवट घेते तिचा. एका पॅकिंग मटेरियलच्या साईटवर, नाव कशाला घ्या, रजिस्टर करताना प्लसवाला पत्ता घेतला, मेल यायला लागले, आणि नंतर लॉगिनला तोच पत्ता 'चुकीचा' म्हणायला लागली. खातं आहे पण आत जाता येईना, पासवर्ड बदलायची लिंकही येईना. दुसरा प्रकार याहून वाईट, काही ठिकाणी प्लस गुपचूप गाळून टाकतात, मग पत्ता होतो हळददुकानऑर्डर@ आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी असू शकतो, तुमची बिलं चालली त्याच्याकडं. तिसरा प्रकार लिंकचा, वेबच्या लिंकमध्ये नुसता प्लस असला तर बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ रिकामी जागा असा घेतला जातो, तिथं प्लसच्या जागी त्याचा वेगळा कोड टाकावा लागतो आणि तो साईटवाल्यानं टाकलेला नसतो. अनसबस्क्राईब दाबलं की 'असा पत्ता आमच्याकडं नाही' येतं आणि जाहिराती मात्र येतच राहतात, त्यामागं हेच. अशा वेळी त्या प्लसवर डिलीटचा फिल्टर लावून मोकळं व्हा. तर सांगायचं एवढंच की कुठंही प्लसवाला पत्ता दिला की पडताळणीचा मेल येईपर्यंत तिथं पैसे भरू नका, ऑर्डर टाकू नका, आणि एकदा बाहेर पडून परत लॉगिन करून बघा.

कुणी म्हणतं मग टिंब वापरू का. साध्या जीमेलला टिंबाशी देणंघेणं नाही, हळद.दुकान आणि हळददुकान एकच खातं. जिथं प्लस घेत नाहीत तिथं टिंब घेतात हे खरं, पण कुठं कुठल्या अक्षरानंतर टिंब दिलं होतं हे कुणाच्या लक्षात राहतंय? फोनवर सांगायला सोपं एवढाच त्याचा उपयोग. जाता जाता एक, टिंबवाल्या पत्त्यावर अनोळखी माणसाची बिलं यायला लागली तर खातं हॅक झालं म्हणून घाबरू नका, तुमच्या नावात टिंब टाकून दुसऱ्याचं जीमेल खातं निघूच शकत नाही, त्यानं कुठंतरी स्वतःचा पत्ता चुकीचा भरलाय. त्याच्या मेलमधल्या लिंका मात्र दाबू नका. आणि हे टिंबाचं फक्त साध्या जीमेलचं आहे, स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे @ च्या पुढं जीमेल.कॉम ऐवजी आपल्याच धंद्याचं नाव) गुगल वर्कस्पेस, म्हणजे गुगलची धंद्यासाठीची ईमेल सेवा घेतली असेल तर तिथं टिंबानं पत्ता बदलतो.

कुणाला द्यायचा, कुणाला नाही

माझ्या मते निम्मी डोकेदुखी इथंच सुरू होते. प्लसवाला पत्ता जिथं कुणाला हातानं टाईप करायचाय तिथं द्यायचाच नाही. व्हिजिटिंग कार्डावर नको, पाउचवर नको, दुकानाच्या बोर्डावर तर नकोच नको. फोनवर सांगून बघा एकदा.

"हळददुकान प्लस ऑर्डर…"
"प्लस म्हणजे पी एल यू एस का?"
"नाही हो मामा, अधिकचं चिन्ह."
"अधिकचं कुठं असतंय ह्या फोनवर?"

आणि शेवटी ते हळददुकानप्लसऑर्डर असं अक्षरात लिहून पाठवतात, तो पत्ता कुणाचाच नसला तर मेल परत येतो म्हणून निदान कळतं तरी, पण कुणाचा असला तर गेलीच ऑर्डर दुसऱ्याच्या दारात. माणसाला साधा पत्ता द्या. प्लस द्यायचा तो मशीनला, म्हणजे जिथं एकदा फॉर्ममध्ये भरलं की पुढं कॉम्प्युटरच मेल पाठवत राहणार आहे, कुरिअरचं पोर्टल, ऑनलाईन विक्रीची साईट, छपाईवाल्याची ऑनलाईन ऑर्डर, हॉटेल, रेल्वे, न्यूजलेटर. नाहीतर जिथं नुसतं बटण दाबायचंय, टाईप करायचं नाही. ही एक गोष्ट पाळली तरी वरच्यातल्या बऱ्याच तक्रारी उद्भवतच नाहीत.

सरकारी आणि बँकेच्या कामाला मात्र मशीन असलं तरी साधाच पत्ता. जीएसटी, उद्यम, अन्न परवाना, आयकर, बँक. ओटीपी येतात, खातं अडकलं तर परत मिळवायला तोच पत्ता अक्षर न अक्षर सांगावा लागतो, आणि बऱ्याचदा फॉर्म आपण भरत नाही, सीएच्या ऑफिसातलं पोरगं भरतं, त्याला प्लसचं रामायण कोण सांगणार? तिथं फ्रॉम वर फिल्टर लावा, लेबल 'कर', इनबॉक्स टाळायचा नाही, वर स्टार. जीएसटीचं ३बी रिटर्न दर महिन्याला भरत असाल तर २० तारीख, तिमाही योजनेत असाल तर आपल्या महाराष्ट्राला तिमाही संपल्यावरच्या महिन्याची २२, त्या आठवड्यात हे लेबल रोज उघडायचं.

प्लसच्या पुढं काय लिहायचं यावरही लोक फार डोकं लावतात. प्रत्येक कंपनीला वेगळा टॅग दिला तर कुणी पत्ता पुढं विकला ते कळतं हे खरं, +कुरिअर वर अचानक कर्जाच्या ऑफर यायला लागल्या तर अंदाज येतो की कुठून गेला. पण पत्ता विकणारे प्लसपासून पुढचं कापूनही टाकू शकतात, तेवढी अक्कल त्यांना आहे, त्यामुळं कुणी विकलाच नाही असं त्यावरून सिद्ध होत नाही. आणि इतके टॅग झाले की फिल्टरही तितकेच. आमच्यासारख्या छोट्या धंद्याला कामाप्रमाणं चार-पाच टॅग पुष्कळ होतात, छोटे, एका शब्दाचे. कुठल्या साईटला कुठला दिला ते एका शीटवर किंवा वहीत लिहून ठेवा, कारण लॉगिन करताना पूर्ण प्लससकटच पत्ता लागतो, साईटच्या लेखी हळददुकान आणि हळददुकान+छपाई ही दोन वेगळी माणसं आहेत. त्याचा फायदा घेऊन एकाच साईटवर दोन-दोन खाती काढून पहिल्या ऑर्डरचं डिस्काउंट घेणारेही आहेत, विक्रेता म्हणून असलं करू नका, खातं बंद झालं तर माल आणि पैसे दोन्ही अडकतात.

कामाचा पसारा वाढला, ऑर्डर एक जण बघतोय, हिशोब दुसरा, मग प्लस पुरत नाही. प्लसमध्ये सगळे पत्ते एकाच खात्याचे, म्हणजे ज्याला ऑर्डर दाखवायच्या त्याला बँकेचे मेलही दिसणार. तेव्हा सरळ स्वतःचं डोमेन घ्या, वर्कस्पेससारख्या सेवेत एका माणसाच्या खात्याला ३० पर्यंत टोपणपत्ते जादा पैसे न देता जोडता येतात, ऑर्डर@, हिशोब@ असे, फोनवर सांगायला सोपे, पाउचवर छापायला बरे, आणि प्लस तिथंही चालतोच. फक्त ते डोमेन जिथून विकत घेतलं तिथल्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका, जुना साधा जीमेलच ठेवा. डोमेनची मुदत संपली की त्यावरचे मेलही बंद पडतात, आणि मग 'पैसे भरा नाहीतर डोमेन जाईल' हा शेवटचा मेल ज्या पत्त्यावर यायचा तोच बंद असतो.